टोफूचा मासा

माझी आणि माझ्या नवऱ्याची खरी ओळख लॉस एंजलिसच्या विमानतळावर, टेलिफोनच्या डब्यापाशी झाली. आणि तो माझा नवरा आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. हसू नका. त्यालाही ठाऊक नव्हतं!

साल १९८५, सप्टेंबर महिना. सामान घेऊन बाहेर आले तर घ्यायला कोणीच नाही. अर्धा तास ट्रॉली धरून उभी राहिले. शेवटी शेजारच्या एका उंच, भारतीय दिसणाऱ्या माणसाला इंग्रजीतून विचारलं, फोन कसा करायचा? बिचारा सज्जन होता. खिशातली सगळी चिल्लर त्याने माझ्या ओंजळीत ओतली, नंबर कसा लावायचा तेही दाखवलं. मी नवऱ्याच्या सांता क्लाराच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना.

"कोणाची वाट बघताय?" त्याने विचारलं. सगळं इंग्रजीतच चाललं होतं.

"नवऱ्याची."

"मीही बायकोची बघतोय. येईल हो तुमचा नवरा. ट्रॅफिक फार असतो इथे."

आणि इतकं गोड हसला, की मनात आलं, कोण नशीबवान बाई आहे याची! आलं मनात, आता खोटं कशाला बोलू? पण आणखी दहा मिनिटं गेली, आणि माझा धीर सुटला. मी स्वतःशीच पुटपुटले, "कुठे कडमडलाय हा माणूस, कोण जाणे!"

त्याची मान गर्रकन वळली.

"प... पद्मिनी?"

मी नीट पाहिलं. डोळे तेच होते. लग्नात त्याला झुबकेदार मिशी होती, ती उडवलेली. नाकावर चष्मा आलेला. आणि माझी कमरेपर्यंतची वेणी काविळीत गेली होती, तिच्याबरोबर बारा किलो वजनही. लग्न चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, सांगलीला झालं. त्यानंतर अकरा दिवसांत श्रीरंग परत गेला, आणि माझा व्हिसा यायला एकोणीस महिने लागले. अकरा दिवसांतले सात तर देवदर्शनं आणि नातेवाइकांकडची जेवणं करण्यातच गेले होते. सांगा, ओळखणार कसं?

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. मी रागावूनच आले होते. एकोणीस महिने त्याची पत्रं नियमित यायची आणि प्रत्येक पत्रात खाणं! 'ऑफिसातल्या लिनने आज तैवानी नूडल्स खायला नेलं.' 'लिनच्या आईने मुळ्याचा केक केला होता.' लिन हा त्याचा तैवानी सहकारी. मला त्याच्या आईच्या मुळ्याचं काय करायचंय? 'तुझी आठवण येते', 'लवकर ये', असं एक अक्षर कधी नाही. सांगलीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते. दोन महिन्यांची रजा काढली आणि बाबांना स्पष्ट सांगितलं, "या माणसाला मी हवी आहे असं दिसलं तर राहीन. नाहीतर आपली सांगली बरी."

आणि या माणसाने गाडीत बसल्या बसल्या काय म्हणावं?

"आठवडाभर रजा घेतलीय मी. इथून ड्राइव्ह करत वर सांता क्लाराला जाऊ, वाटेत खात खात. आणि... दोन महिने बघ तू. नाही आवडलं तर परत जा. जबरदस्ती नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आलेल्या पाहुण्याला कोणी सांगावं ना, 'गैरसोय झाली तर सांगा हं', अगदी तसा सूर.

पहिल्या संध्याकाळी त्याने मला मॉन्टेरी पार्कला नेलं. गावभर चिनी पाट्या, दुकानांत तैवानहून आलेली माणसं. हॉटेलात त्याने भाज्यांच्या तीन ताटल्या मागवल्या आणि चॉपस्टिक्स माझ्या हातात दिल्या. आधी आलेल्या भाताचं शीत काही माझ्याकडून उचललं जाईना.

"असं नाही... हे बोट इथे..." म्हणत त्याने माझं बोट धरलं. मग चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. कान लाल!

"आमचीच आहेत ती बोटं," मी म्हणाले, "चावत नाहीत."

तोंडावर 'अहो' म्हणत असले तरी मनात मी त्याला 'अरे'च म्हणत होते, हे सांगून टाकते.

ताटल्या आल्या. वास मोठा सुंदर होता. आणि तीच तर पंचाईत होती!

"यात लसूण आहे?"

"भरपूर!" तो अभिमानाने म्हणाला.

"माझा चातुर्मास आहे."

त्याच्या चॉपस्टिक्स हवेतच थांबल्या. "म्हणजे कांदा-लसूण... कार्तिकीपर्यंत नाही?"

"कार्तिकीपर्यंत नाही."

"नॉनव्हेज खात नाहीस ते माहीत होतं. पण हे..."

"विचारलंत कधी?"

मी नुसता भात खाल्ला. पाहते तर त्यानेही ताटल्या बाजूला सारल्या आणि कोरडा भात खायला लागला.

"तुम्ही खा ना," मला ओशाळं वाटलं.

"एकट्याने खाऊन कंटाळलोय गं," तो म्हणाला आणि भातात तोंड खुपसलं.

रात्री मोटेलच्या खोलीत दोन पलंग होते. दोघांनीही लाजून एकेक पटकावला.

दुसऱ्या दिवशी शहर पाहिलं. दुपारी चायनाटाऊनमध्ये पुन्हा तीच गत, पुन्हा भात आणि जोडीला उकडलेला पाला. शिवाय श्रीरंग दर तासा-दोन तासांनी गाडी थांबवून टेलिफोनकडे धावायचा. काचेतून मला दिसायचं, हातवारे करकरून बोलतोय. ऑफिस सुटत नाही, म्हटलं. बायको चार तास बरोबर असली की कंटाळा येतो याला. त्या रात्री उशीला तोंड लावून मी ठरवून टाकलं, दोन महिनेसुद्धा नको. सांता क्लाराला पोचलं की परतीची तारीख अलीकडे आणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने गाडी एका टेकडीवरच्या छोट्याशा तैवानी हॉटेलापुढे उभी केली. आत उदबत्तीचा वास होता, कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती होती. तो अगदी खुशीत.

"मी मागवतो. तू काही विचारू नकोस."

दहा मिनिटांनी मालकीणबाईंनी लांबट ताटली आणून माझ्यापुढे ठेवली. ताटलीत अख्खा मासा! काळपट हिरवी कातडी, पांढरंशुभ्र मांस, वरून आलं घातलेला आंबटगोड रस.

मी ताटली पुढे ढकलली.

"हे काय आहे?"

"खाऊन तर बघ..."

"मासा खाऊ घालताय मला? चातुर्मासात? थट्टा वाटते तुम्हाला माझी?"

"अगं, ऐकून तरी घे—"

कोण ऐकतंय! मी पर्स उचलली आणि तरातरा बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभी राहिले. ऊन रणरणत होतं आणि साता समुद्रांपलीकडे मला जायला दुसरं घर नव्हतं. मी हमसाहमशी रडले.

कोणीतरी माझा दंड धरला. मालकीणबाई होत्या, मिसेस हुआंग. साठीच्या, माझ्या खांद्याएवढ्या. "नो फिश!" त्या म्हणाल्या. "नो फिश! बीन! बीन!" मोडक्या इंग्रजीत त्यांनी मला जे समजावलं ते असं: त्या बौद्ध. मांस-मासे खात नाहीत, कांदा-लसूणही वर्ज्य. मासा टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरचा. आणि तुझ्या नवऱ्याने कालपासून चार वेळा फोन केला. कढईला तरी लसूण लागतो का, विचारलं. त्याचा मित्र लिन चिनीत बोलला, मग याने पुन्हा स्वतः विचारलं, लसूण नाही ना? नक्की नाही ना? "युवर हजबंड," त्या म्हणाल्या, "ट्रबल मॅन!" आणि पोट धरून हसल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आत श्रीरंग तसाच बसला होता. ताटलीला त्याने हात लावला नव्हता. चेहरा असा, जणू परीक्षेत कॉपी न करताच पकडलेला पोरगा.

"आधी सांगायला हवं होतं मी," तो म्हणाला. "तुला चकित करायचं होतं..."

"केलंत की!" मी डोळे पुसत म्हणाले. पहिला घास घेतला. मऊ, गरम, आल्याचा झणका आणि मग गोड. तीन दिवसांनी जेवत होते हो मी! निम्मा मासा संपेपर्यंत मान वर केली नाही.

"एक विचारू, प्रोफेसरबाई?" त्याच्या आवाजात खट्याळपणा होता. "ती वरची कातडी कशाची आहे?"

मी चॉपस्टिकने थोडी सोलली, उजेडात धरली, आणि कपाळावर हात मारून घेतला. समुद्रातलं शेवाळ! गेली चार वर्षं मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शेवाळ शिकवत होते.

"कोणाला सांगू नका. हात जोडते."

"लिनला तर सांगणारच! तो दोन दिवस लोकांना फोन करत होता तुझ्यासाठी."

आम्ही दोघं इतके हसलो, की मिसेस हुआंग पुन्हा बाहेर आल्या. "न्यू मॅरेज?" त्यांनी विचारलं.

श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं. "थ्री डेज," तो म्हणाला.

मी दुरुस्ती केली नाही. मला तो फार फार आवडला त्या क्षणी. आणि परतीची तारीख कुठल्या कुठे गेली.

मग समुद्राच्या कडेकडेने वर जाताना काय मजा आली! सकाळी रस्त्यावर धुकं असायचं, काच पुसायला मी सारखी पदर पुढे करायची. लिनने फोनवरून आणखी पत्ते दिले होते. एका गावात तिळाचे गरम गोळे खाल्ले, दुसरीकडे कमळकाकडीची भाजी. तिथे मी त्याला कमळाच्या देठावर पाऊण तास लेक्चर दिलं आणि त्याने ते ऐकलं. सॅन फ्रान्सिस्कोला डंपलिंग वळणाऱ्या बायका काचेआड बसल्या होत्या. मला राहवेना. आत जाऊन खुणेने पारी मागितली आणि उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडून दाखवल्या. त्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीरंग मात्र माझ्या बोटांकडेच बघत होता...

"काय बघताय?"

"काही नाही. चावत नाहीत ना, खात्री करून घेतोय."

त्या रात्री दुसरा पलंग रिकामाच राहिला. बस्स, एवढंच सांगेन.

पण 'राहा' असं तो अजून म्हणाला नव्हता.

शेवटच्या सकाळी, सॅन फ्रान्सिस्कोहून मागे फिरून, सांता क्लाराच्या घरापासून दहा मिनिटांवर, आम्ही एका तैवानी दुकानात नाश्त्याला थांबलो. वाफाळतं सोयाचं दूध आणि त्यात बुडवायला लांब, कुरकुरीत तळलेली कणकेची कांडी. समोरासमोर बसलो. दुसऱ्या दिवसापासून त्याचं ऑफिस.

"तुझ्या कॉलेजला काय कळवायचं ते... तू ठरव," तो दुधात बघत म्हणाला. "माझं काही नाही."

झालं! माझं डोकंच फिरलं.

"तू ठरव! तू ठरव! तुमचं काहीच कसं नाही? चार फोन करून लसूण विचारता आणि बायकोला 'राहतेस का' एवढं एक विचारता येत नाही? हवी आहे की नको आहे मी तुम्हाला?"

त्याने चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिला.

"सुचित्राताई माहीत आहे ना, माझी बहीण? ईडन प्रेरीला असते ती. लग्न झालं आणि सगळ्यांनी तिला अमेरिकेत धाडून दिलं. तुला यायचंय का, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी एकदा तिच्याकडे गेलो होतो, बर्फ पडत होतं. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन लावून, त्याच्या आवाजात ती रडत बसली होती. मला बघून म्हणाली, 'साबण गेला डोळ्यात.'" त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुला 'ये' म्हणून पत्रात लिहायला घ्यायचो आणि तीच दिसायची. मग खाण्याचं लिहायचो. मी विचारलं आणि तू भिडेखातर हो म्हणालीस तर... पद्मिनी, मला तू इतकी हवी आहेस, की विचारायची भीती वाटते."

बाहेर कोणीतरी गाडी लावत होतं.

"विचारा," मी म्हणाले. "भिडेखातर उत्तर देणारी बाई वाटते का मी तुम्हाला?"

"राहशील?"

"नाही."

त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आत्ता नाही," मी घाईने म्हणाले. "माझी मुलं आहेत कॉलेजात. त्यांची प्रॅक्टिकल्स अर्ध्यावर टाकणार नाही मी. नोव्हेंबरात परत जाईन, परीक्षा घेईन, राजीनामा देईन आणि एप्रिलात येईन. कायमची. इथे आल्यावर पुन्हा शिकेन, पुन्हा नोकरी करीन."

"कर ना! सगळं कर." तो हसत होता की रडत होता, कळत नव्हतं.

"आणि ऐका. मला सांगलीची आठवण येणार. बेसमेंटमध्ये जाऊन रडणं मला जमायचं नाही. मी तुमच्या समोर बसून रडेन. भांडेन. म्हणेन, मला घरी जायचंय. तेव्हा काय कराल?"

त्याने खूप विचार केला. एखादं अवघड गणित घातल्यासारखा.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "शेजारी येऊन बसेन."

आणि उठला, टेबलाला वळसा घालून माझ्या बाकावर, माझ्या खांद्याला खांदा लावून बसला.

"अहो, मी अजून रडत नाहीये," मी म्हणाले. आणि तेवढं म्हणेपर्यंत रडू आलंच.