डावं मागचं दार

खड्डा यायच्या आधीच गाडीनं वेग कमी केला आणि मागची डावी सीट हलकेच आतल्या बाजूला कलती केली. म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेला हिसका बसू नये म्हणून ती हे करायची. त्या सीटवर कुणीच नव्हतं.

"बघितलंत?" सर्जेराव फराकटे म्हणाला. "आता त्या करवंदीच्या जाळीपाशी जरा थांबंल. आक्काला तिथं उतरायची सवय होती."

डॉ. मृणाल कारखानीस पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून मागं पाहिलं. रिकाम्या सीटशेजारी, जिथं दार असायला हवं, तिथं नुसती मोकळी हवा होती आणि हवेपलीकडे गिरजाईचं पठार पळत होतं. गाडी जाळीपाशी खरंच थांबली. थोडा वेळ उभी राहिली, मग आपली आपण पुढं निघाली.

"चार महिने हेच चाललंय," सर्जेराव म्हणाला. "खोटं कशाला सांगू म्याडम, मला बरं वाटायचं."

त्या काळात शहरातली माणसं घरातून गाडीत आणि गाडीतून कचेरीत अशी बंद काचेआड राहत. तोंडावर वारं घ्यायचं म्हटलं तर त्यांना पन्हाळ्याच्या पलीकडं यावं लागे. तिथं सर्जेरावसारखी माणसं मोकळ्या गाड्या चालवत. मोकळी म्हणजे अक्षरशः मोकळी. टप काढा, चारी दारं काढा, पुढची काच काढा, आणि जांभ्या दगडावरून, ओढ्यातून, चढावरून कुठंही घाला. पाहुणे किंचाळत, खिदळत, आणि उतरताना सर्जेरावचा हात हातात घेऊन "काय मजा आली हो" म्हणत.

अशा गाडीतून माणसं पडत कशी नाहीत, असा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडेल. त्याचं उत्तर होतं अंगभान. आता ही अंगभानाची काय भानगड, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भुताटकीसारखं वाटेल, आणि यात भूत बीत काही नाही.

डोळे मिटून बोट नाकाला लावा. बरोबर लागतं. आपलं नाक कुठं, कोपर कुठं, पाय कुठं संपतो, हे मेंदूला न बघता कळतं, कारण अंगाचा एक नकाशा तो सतत जवळ बाळगून असतो. डॉ. कारखानीसांनी तसाच नकाशा गाडीला दिला होता. पत्र्याच्या आत केसाएवढ्या बारीक तारा, त्यांना मज्जातारा म्हणत. दार, टप, सीट, चाक, सगळ्यांच्या तारा गाडीच्या मेंदूला मिळत, आणि त्यामुळे आपली कड कुठं आहे आणि आपल्या पोटात कोण बसलंय, हे गाडीला आपल्या अंगासारखं कळे. दार काढलं की दार निरोप देई, म्हणजे तारेतून एक खूण जाई, "मी निघालो." मग गाडी सावध होई. त्या बाजूला बसलेल्या माणसानं पट्टा लावल्याशिवाय ती जाग्यावरून हलत नसे. उलट दारं बसवलेली असली, की पठारावरच्या संथ वाटेला ती पट्ट्यासाठी कुणाला टोकत नसे.

हौसाक्काला हे टोकणं मुळीच खपायचं नाही. हौसाक्का म्हणजे सर्जेरावची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी आली, आईबापामागं या भावाला तिनंच वाढवलं. घरात दोघंच. तिचं सगळं जाणंयेणं याच गाडीतून, आणि तेही मागच्या डाव्या सीटवर, कारण पुढं बसलं की डोळ्यांत वारं जातं. "पट्टा लावा, पट्टा लावा! मेली माझ्या सासूपेक्षा जास्त बोलते," असं म्हणत ती पट्टा लावायची.

"मला सगळं पहिल्यापासून सांगा," डॉ. कारखानीस म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"पोलिसांस्नी सांगितलंय की."

"मला सांगा."

सर्जेरावनं गाडीचा वेग आणखी कमी केला. बोलताना तो समोरच बघत होता.

"खंडेनवमी होती. आमच्यात त्या दिवशी हत्याराला विश्रांती. नांगर, कोयता, गाडी, काय म्हणून चालवायचं न्हाई. सुरू सुद्धा करायचं न्हाई. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं. मी दारं काढली, घासून धुतली, वसरीला ओळीनं लावून माळा घातल्या. आता नियम मला म्हाईत होता बघा. गाडी जागी असतानाच दार काढायचं, म्हंजे ते निरोप देतंय. पर गाडी जागी करायची म्हंजे सुरू करायची, आणि त्या दिवशी सुरू करायची न्हाई. म्हटलं, एका दिवसानं काय हुतंय?"

"आणि दसऱ्याला?"

"दुपारी पाहुणे येणार हुते, त्यांना मोकळीच गाडी पायजे. म्हटलं आता दारं कशाला बसवा आणि परत काढा. आक्का म्हणत हुती, एवढं एक दार तरी बसव, मला भ्या वाटतंय. मी म्हटलं, तुझं आपलं नेहमीचंच. तशी रुसली. रुसली की बोलायची न्हाई, दोन-दोन दिवस. मागं जाऊन बसली. मांडीवर देवळात न्यायचं पूजेचं ताट. आणि गाडी पट्ट्याचं काय बोललीच न्हाई. तेवढ्यापुरता राग सोडून आक्का म्हणाली, 'आज तुझी गाडी शहाणी झाली बघ.'"

त्यानं वाटेतला एक दगड चुकवला.

"तेवढंच शेवटचं. म्हटलं तर मला तवाच कळायला पायजे हुतं. गाडी गप्प का, एवढं इचारायला पायजे हुतं. मी हसलो, म्याडम. हसलो आणि गाडी काढली."

त्या दिवशी गाडीच्या मेंदूत काय चाललं होतं, हे डॉ. कारखानीसांना चांगलंच माहीत होतं, आणि ते त्यांनी सर्जेरावला समजावून सांगितलं. लढाईत पाय गमावलेल्या माणसाला नसलेल्या पायाच्या बोटांना खाज सुटते, हे डॉक्टर मंडळींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पाय जातो, मेंदूतला नकाशा जात नाही. गाडीचंही तेच झालं होतं. झोपेत तिची दारं गेली. जागी झाली तेव्हा दारांकडून काही ऐकू येईना, पण निरोपही मिळालेला नव्हता. मग तिनं ठरवलं, दारं आहेत, फक्त बधिर झाली आहेत. नसलेल्या अशा दाराला त्यांच्या प्रयोगशाळेत भासदार म्हणत.

"तिनं नाही ठरवलं," डॉ. कारखानीस एकदम म्हणाल्या. "मी ठरवलं. चिखलपाण्यानं या तारा सारख्या बधिर होतात. दरवेळी गाडी अडून बसली, तर माणसं रानात अडकतील. म्हणून मी नियम लिहिला, की निरोप नसेल तर तो भाग जाग्यावर आहे असं धर आणि आठवणीवर चालव. दार बंद आहे, मग आतला माणूस कुठं जाईल? वजन लागत नाही, म्हणजे सीटही बधिर झाली असणार. म्हणून ती अजून तुमच्या बहिणीला घेऊन फिरतेय. तुम्ही एकटेच दोषी आहात असं समजू नका."

"तसं म्हणू नका," सर्जेराव जरा चिडूनच बोलला. "सगळे असंच म्हणत्यात. पोलीस म्हणाले अपघात. गाव म्हणतंय देवाची इच्छा. कोण एक शिवी देईना मला. आता तुम्ही पण वाटा घ्यायला आलाय. माझ्याकडं तेवढं तरी राहू द्या."

आपल्या वाट्याचा दोषही कुणी हिसकावून घेतंय असं डॉ. कारखानीसांना वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

खरं तर सर्जेरावनं तोंड उघडलं नसतं, तर हे आणखी वर्षभर कुणाला कळलंही नसतं. पण गेल्या आठवड्यात, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच, त्यानं पाहुणे घेतले; त्यातली एक पोरसवदा बाई त्या सीटवर बसली, आणि गाडी पट्ट्याबद्दल बोलली नाही. बोलणार कशी? तिच्या लेखी तिथं आक्का बसलेली होती, आणि शेजारी बंद दार होतं. सर्जेरावनं सगळ्या पाहुण्यांना उतरवलं, माफी मागितली आणि स्वतःच प्रयोगशाळेला फोन केला. फोन ठेवल्यावर मात्र गाडीत जाऊन तो रडला. कारण दुरुस्ती म्हणजे काय, हे त्याला न सांगताच कळलं होतं. आक्का गाडीतून उतरणार होती.

सकाळी अंगणात इतर दारं जागच्या जागी बसली होती. हे एक दार तेवढं राहिलं होतं. "ते तिथं करूया," सर्जेराव म्हणाला होता. "अंगणात नको." म्हणून ते मागं आडवं ठेवलं होतं, खंडेनवमीची वाळलेली झेंडूची माळ अजून त्याला तशीच होती.

उताराच्या वळणावर, जिथं एका अंगाला खोल चर होता, तिथं त्यानं गाडी थांबवली.

"हितं," तो म्हणाला.

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"देवळात गेल्यावर." "टप न्हाई, काच न्हाई, वाऱ्यानं कान बंद झाल्यालं. मी आपला बोलतोय तिच्याशी. आक्के, यंदा आपट्याला पानं लई आल्यात. आक्के, तो बघ मोर. उत्तर न्हाई. म्हटलं रुसली असंल. वळून बघितलं न्हाई. मुद्दाम बघितलं न्हाई, म्याडम. मला बी राग आलाच हुता की. देवळापाशी उतरलो, म्हटलं चल आता, सोडून दे राग, आणि मागं बघतोय तर..."

तो परत या वळणावर आला तेव्हा ती चरात पडलेली होती, पण जिवंत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर वाचली असती.

डॉ. कारखानीस खाली उतरल्या. पुण्याहून लिहून आणलेला नवा नियम त्यांनी सकाळीच गाडीत भरला होता, आणि तो साधा होता. एखाद्या भागानं निरोप दिला, की गाडीनं आठवणीत मागं जाऊन तपासायचं, हा भाग खरा कधीपासून बधिर होता, आणि त्या काळातल्या आठवणी नव्यानं लावायच्या. अशानं तिचा भास जाईल आणि अशी चूक पुन्हा कुठल्याच गाडीकडून होणार नाही. "नुसतं पुसून टाकता आलं असतं," त्या म्हणाल्या, "पण पुसलेली गाडी काही शिकत नाही."

दोघांनी मिळून दार उचललं आणि बिजागरीत बसवलं. माळेतली फुलं भुगा होऊन सर्जेरावच्या हातावर पडली.

"डावं मागचं दार जाग्यावर," गाडी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच नीटनेटका होता.

"आता काढा," डॉ. कारखानीस म्हणाल्या.

सर्जेराव तसाच उभा राहिला. मग रिकाम्या सीटकडं बघून त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आक्के, रागावू नको." त्यानं खिट्टी ओढली आणि दार उचलून बाजूला घेतलं.

"डावं मागचं दार निघालं. निरोप मिळाला."

गाडी गप्प झाली. आतून बारीक गुणगुण ऐकू येत होती. डॉ. कारखानीस हातातल्या पडद्यावर बघत होत्या, आठवणी उलट्या सरकत चालल्या होत्या, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक. दसऱ्यापाशी त्या थांबल्या.

"पट्टा लावा," गाडी एकाएकी म्हणाली. "पट्टा लावा. पट्टा लावा." मागची सीट जोरात आत कलंडली, चारी चाकं जागच्या जागी आवळली गेली, आणि कुणीच न लावलेला पट्टा खसकन मागं ओढला गेला. त्या दिवशी जे करायला हवं होतं ते सगळं तिनं एका दमात केलं. मग म्हणाली, "प्रवासी पडला आहे."

सर्जेरावच्या खिशातला फोन वाजला. हौसाक्काला काही झालं तर कुणाला कळवायचं, याच्या गाडीतल्या नोंदीत त्याचंच नाव होतं.

त्यानं फोन कानाला लावला. आवाज गाडीचाच होता. "तुमच्या माणसाला अपघात झाला आहे. गाडी जवळच थांबली आहे. तुम्ही किती लांब आहात?"

"अहो, ठेवा तो," डॉ. कारखानीस घाईनं म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझी चूक झाली. काय झालं ते तिला कळलंय, पण ते होऊन किती दिवस झाले, हे मी नियमात घातलंच नाही. तिच्या दृष्टीनं ते आत्ता झालंय. द्या इकडं, मी बंद करते."

"नको," सर्जेराव म्हणाला. आणि फोनमध्ये म्हणाला, "हितंच हाय. आलो."

तो चरात उतरला. तिथं वाळलेलं गवत होतं आणि कुसळं. तो त्यात गुडघ्यावर बसला.

"प्रवासी सापडला का?"

"सापडली."

"प्रवासी बोलत आहे का?"

वर काठाशी उभ्या असलेल्या डॉ. कारखानीसांना फोनचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "नाही म्हणा," त्या म्हणाल्या. "सर्जेराव, एवढंच नाही म्हणा. उत्तर मिळालं की ती गप्प होईल. नाहीतर ती विचारतच राहील."

वारं गवतावरून सूं सूं करत गेलं.

"प्रवासी बोलत आहे का?" गाडीनं पुन्हा विचारलं.

"रुसली असंल," तो म्हणाला.

गाडीला हा शब्द कुणी शिकवलेला नव्हता. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा विचारलं.