खोतानच्या उंटांचं शेण

"शेण चोरीला गेलंय," संघमित्रा म्हणाली.

सुशांतने हातातला समोसा खाली ठेवला. नेत्रा पाटणकरने नुसती मान हलवली. २००१ साली कंपनीने काढून टाकेपर्यंत ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेली घाण शोधणं हाच तिचा पेशा. आता ती सांता क्लारात खासगी गुप्तहेर होती. काम तेच, फक्त हेल्थ इन्शुरन्स नव्हता. सुशांत तिचा आतेभाऊ. तो तिची गाडी चालवायचा आणि चुकीचे निष्कर्ष काढायचा.

"कोणाचं शेण?" नेत्राने विचारलं.

"उंटांचं. खोतानच्या उत्तरेचं, तकलामकान वाळवंटातलं. दीड हजार वर्षांपूर्वीचं."

"एवढं जुनं शेण कोण चोरेल?" सुशांत म्हणाला.

"ताजं कोण चोरतं?" नेत्रा म्हणाली. "बस गं. नीट सांग."

संघमित्रा मूळची नागपूरची. मध्य आशियाच्या ऐतिहासिक भूगोलावर पीएचडी करत होती.

"तिथे दक्षिणेला कुनलुन पर्वत आहे. त्याचं बर्फ वितळून नद्या उत्तरेला निघतात आणि वाळूत मरतात. नदी पोचते तिथवर गाव, शेतं, बुद्धविहार. पूर्वी नद्या जास्त आत जायच्या, म्हणून जुनी गावं आज वाळवंटात गाडलेली सापडतात."

"आणि शेण?"

"एका विहाराबाहेर तांडे उतरायचे. गाव उठलं, त्याआधीच्या शेवटच्या उंटांचं शेण आहे ते. त्यात लव्हाळ्याचे परागकण निघाले तर पाणी शेवटपर्यंत होतं, म्हणजे गाव उत्तरेच्या गवताळ स्तेपमधल्या घोडेस्वारांनी उठवलं. नुसती वाळवंटी झुडपं निघाली तर नदी आधीच आटली होती. मी म्हणते नदी. माझ्या लॅबमधला विवेक म्हणतो घोडेस्वार."

"नमुना एकच?"

"एकच. येत्या सोमवारी प्रोफेसरांना दाखवायचाय. हरवला म्हटलं तर असिस्टंटशिप गेली, ती गेली की व्हिसा गेला. मग आईला काय सांगू, उंटांच्या शेणापायी परत आले?"

लॅबचा फ्रीजर बंद पडला म्हणून तिने नमुना घरी आणला होता. घर म्हणजे राजेश आणि नीलांबरीच्या नव्या घरातली भाड्याची खोली. गॅरेजमधल्या जास्तीच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या रिकाम्या डब्यात, वर निळी टेप लावून त्यावर ठळक लिहिलं होतं: उंटांचं शेण, हात लावू नये. जेवताना सगळ्यांना समजावूनही सांगितलं होतं. शनिवारी घराची वास्तुशांत झाली, रविवारी डबा गायब.

"शनिवारी तू कुठे होतीस?"

"लायब्ररीत. राजेशचे काका आलेत सांगलीहून, एकनाथकाका. भटजी म्हणून पूजा तेच सांगणार होते. ते म्हणाले, 'तुमच्यात हे मानत नाहीत, उगाच अवघडल्यासारखं होईल.' फार प्रेमाने म्हणाले. त्यांनीच पूजेला आलेल्या विवेकला गॅरेजमध्ये जाताना पाहिलं."

"झालं की मग," सुशांत म्हणाला. "विवेकला धरू या."

नेत्राने विवेकला फोन लावला.

"गेलो होतो गॅरेजमध्ये," विवेक म्हणाला. "सगळ्यांच्या चपला तिथेच होत्या. आणि मी कशाला चोरू, यार? ते शेण गेलं तर मी बरोबर होतो हे सिद्ध कसं करणार?"

"खोटं बोलतोय," सुशांत म्हणाला.

"गाडी काढ," नेत्रा म्हणाली.

राजेशने आधी घर दाखवलं, कारण घर न दाखवता तो कोणाशी बोलूच शकत नव्हता. ग्रॅनाइटचा ओटा झाला, वॉक-इन क्लोजेट झालं. छतावरच्या स्मोक अलार्मला अजून हॉटेलातली शॉवर कॅप घातलेली होती.

"हवन होतं ना," तो म्हणाला. "सामान सगळं काकांनी तिकडून आणलं. गोमूत्राची बाटली आणि दूध-दही-तूप सोडलं तर इथलं काहीच चालत नाही त्यांना. घरभर माणसं होती. प्रत्येकाला पंचगव्य दिलं, माझ्या अमेरिकन मॅनेजरलासुद्धा. तो म्हणाला, व्हेरी अर्दी."

"मीपण होतो की," सुशांत म्हणाला. फुकट जेवण असेल तिथे तो असायचाच. "मी दोनदा घेतलं. जरा कचकचत होतं."

"दातांना कचकच?" नेत्राने विचारलं.

"हो. वाळू असल्यासारखी. मला वाटलं, जास्त अस्सल असेल."

एकनाथकाका सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्ही बघत होते. रत्नांच्या अंगठ्या इतक्या की रिमोट दिसत नव्हता.

"प्रवास कसा झाला, काका?"

"प्रवास कसला, छळ. विमानतळावर एक कुत्रा सोडलेला असतो. तो येऊन बसला माझ्या बॅगेशी. घरचं लोणचं काढून घेतलं मेल्यांनी."

"आणखी काही घेतलं?"

"नाही. लोणचं फक्त."

"आणि तुम्ही विवेकला पाहिलंत."

"डोळ्यांनी. तो मुलगा मला पहिल्यापासून बरा वाटला नाही."

नीलांबरीने थालीपीठं वाढली. स्टीलच्या ताटांशेजारी तिने दह्याचा एक डबा ठेवला.

"लोणचं घ्या. काकांनी सांगलीहून आणलंय."

सुशांतने घेतलं. फार छान आहे म्हणाला, आणखी घेतलं. नेत्राने डबा फिरवून पाहिला. एका बाजूला निळ्या टेपचा चिकटून राहिलेला तुकडा होता.

"डबा कुठला?"

"ओट्यावर धुऊन पालथा घातलेला दिसला रविवारी. म्हटलं, रिकामा आहे तर काढू लोणचं."

"पूजेला सगळ्यांनी पंचगव्य घेतलं?"

"काका सोडून. त्यांचं पोट बिघडलं होतं म्हणे." नीलांबरीने थालीपीठ उलटलं. "पुरणपोळ्यांच्या वेळी बरं झालं."

नेत्राने ताट बाजूला सारलं आणि सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. सुशांत तोंडातला घास चावतच आला.

"बाहेरच्या चोराने डबा उचलून नेला असता," ती म्हणाली. "शेण काढून घेऊन डबा धुऊन ओट्यावर पालथा घालणारा चोर अमेरिकेत नाही. दह्याचा डबा टाकून द्यायला जिवावर येतं, ते आपल्याच लोकांना. म्हणजे चोर घरातला."

"मी ऑफिसला..." राजेशने सुरुवात केली.

"तू नाहीस. तुझ्या बायकोने चोरलं असतं तर तिने त्याच डब्यात लोणचं वाढलं नसतं. काका, कस्टम्सने तुमचं लोणचं काढून घेतलं म्हणालात. मग सुशांत आत्ता काय खात होता?"

काकांनी रिमोट खाली ठेवला.

"लोणचं सुटलं, म्हणजे त्या कुत्र्याने दुसरंच काही पकडलं, जे तुम्हाला सांगायचं नव्हतं. पूजेचं सामान तुम्ही आणणार होतात. गोमूत्र इथे मिळालं. दूध, दही, तूप घरात होतं. पाचवी वस्तू विमानतळावर गेली."

पाचवी वस्तू प्रत्येकाला माहीत होती.

"भटजींचा मान जाणार होता. आणि गॅरेजमध्ये लेबल लावलेला डबा होता. थोडं पंचगव्यात गेलं, उरलेलं हवनात. तकलामकानची वाळू सुशांतच्या दातांत आली. तुम्हाला मात्र ते काय आहे हे माहीत होतं, म्हणून तुमचं पोट तेवढ्यापुरतं बिघडलं."

सुशांत उठला आणि मोरीकडे गेला. तिकडून येणारे आवाज ऐकूच आले नाहीत असं सगळ्यांनी दाखवलं.

"शेण ते शेण," काका म्हणाले. "भाव महत्त्वाचा."

"काका, माझा मॅनेजर प्यायलाय ते," राजेश म्हणाला. "पुढच्या महिन्यात रिव्ह्यू आहे माझा."

"चोरी एकवेळ समजू शकते," नेत्रा म्हणाली. "पण स्वतः न घेता घरभर लोकांना पाजलंत, वर एका पोराचं नाव पुढे केलंत. मी आठ वर्षं दुसऱ्यांचा कोड तपासलाय, इतकी किळस कधी आली नव्हती."

"मला लायब्ररीत पाठवलंत," संघमित्रा म्हणाली. "माझ्या सावलीची अडचण होती. माझं शेण चाललं."

"मी सावली वगैरे म्हणालो नव्हतो."

"नाही. 'तुमच्यात' म्हणालात."

काकांनी अंगठ्या फिरवल्या. संघमित्रासमोर सोमवार तसाच होता आणि नमुन्याचा धूर होऊन गेला होता.

नीलांबरी उठली. फ्रीजर उघडल्याचा आवाज आला. ती बर्फाचा ट्रे घेऊन परतली. त्यात मळकट हिरवे चौकोनी तुकडे होते.

"उरलेलं पंचगव्य टाकवेना," ती म्हणाली. "चटणीसारखं गोठवून ठेवलं. चालेल का तुला?"

संघमित्राने ट्रे उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. तिचा चेहरा हळूहळू विद्यार्थिनीचा झाला.

"परागकणांचं कवच टणक असतं. लॅबमध्ये आम्ही त्यांना ॲसिडात घालतो, तिथे दह्याचं काय. आणि सांता क्लाराच्या दूधतुपात वाळवंटी झुडूप नाहीतर तिथलं लव्हाळं कुठून येणार? जे निघेल ते उंटांचंच." तिने ट्रे छातीशी धरला. "प्रोफेसर ओरडतील. पण नमुना आहे."

"बघ, म्हणजे नुकसान झालं नाही," काका म्हणाले. त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

"फक्त एक आहे, काका. नमुना कोणाच्या हातून गेला, त्याचं काय केलं, सगळं प्रबंधात लिहावं लागतं. पूर्ण नाव, गाव, कृती."

काकांनी आवाज बंद केला. "नाव नाही टाकलं तर?"

"तर परीक्षक नमुनाच नाकारतील. मग मी परत जाणार. आणि जाण्याआधी राजेशच्या मॅनेजरला सगळं समजावून जाणार."

"काका," राजेश म्हणाला, "नाव द्या."

संघमित्राने लॅपटॉप उघडला. "सांगा. आधी दूध घातलंत की शेण?"

मोरीतून पुन्हा आवाज आला. काकांनी घसा साफ केला.

"आधी गोमूत्र," ते म्हणाले.