चार नंबरचा गुडघा

डोळ्यांवर घट्ट पट्टी, समोर बाकावर ओळीने बसलेले पाच पुरुष, आणि त्यांचे गुडघे चाचपून सगळ्यांत सुंदर गुडघा कोणाचा ते मी ठरवायचं! आईला फोनवर हे कसं सांगणार होते मी?

सगळा दोष रुचाचा. रुचा म्हणजे माझी रूममेट. शनिवारी तिचा पाय घरात ठरत नाही. अमेरिकेतल्या आमच्या डब्लिनहून तासभर ड्राइव्ह करून ती मला या स्कॉटिश मेळ्याला घेऊन आली, आणि खरं सांगते, आल्या आल्या मी हरखूनच गेले. भुरभुरता पाऊस, ओल्या गवताचा वास, आणि बॅगपाइपवाल्यांचा ताफा जवळून गेला की छातीत नुसतं धडधडायचं! चौकड्यांचे किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे घागरेच, नेसलेले धिप्पाड गडी विजेच्या खांबाएवढे ओंडके उभेच्या उभे उचलून भिरकावत होते. ओरडून ओरडून माझा घसा बसला. मग माइकवरून विचारणा झाली, गुडघ्यांच्या स्पर्धेला जज कोण होणार? रुचाने माझाच हात वर केला.

"शी इज अ फिजिकल थेरपिस्ट!" ती किंचाळली. "नीज आर हर जॉब!"

झालं. रेनकोटच्या टोपीवरूनच नाकापर्यंत पट्टी बांधून मला स्टुलावर बसवलं आणि मग स्पर्धकांना आणलं. पहिला गुडघा बर्फासारखा गार. दुसरा — वा! माणूस वयस्कर असणार, पण काय पीळदार स्नायू होते! तिसऱ्याला गुदगुल्या झाल्या आणि तो बाकावरून घसरला. लोक हसून हसून बेजार झाले. मीही हसतच चौथ्या गुडघ्यावर हात ठेवला… आणि थांबले.

वाटीखाली दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या दोन बारीक खुणा. बाहेरच्या बाजूला लहानपणी सायकलवरून पडल्याचा लांबुडका व्रण. हा गुडघा मला पाठ होता.

मिहीर!

मिहीर माझा पेशंट होता. क्लीव्हलंडमध्ये लहानाचा मोठा झालेला, मराठी बोलता बोलता अडखळला की स्वतःच हसणारा. व्यायाम करताना तो काहीबाही विनोद करायचा आणि मी मान खाली घालून त्याच्या गुडघ्याकडे बघत राहायची. वर बघितलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं ना! मला तो आवडायचा. फार आवडायचा. पण आमच्या क्लिनिकचा नियम कडक — पेशंटशी प्रेमबिम चालणार नाही. आणि मग, काही आठवड्यांपूर्वी, त्याने उरलेल्या सगळ्या अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या. फोन नाही, मेसेज नाही. तेव्हापासून मी रुचाचं डोकं खात होते.

आणि आता माझ्या बोटांना टेप लागली. सांध्याला आधार म्हणून आम्ही चिकटवतो ती. लावली होती छानच, पण ही माझी पद्धत नव्हती. दुसऱ्याच कोणाचा तरी हात होता हा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ही टेप कोणी लावली?" मी दबक्या आवाजात मराठीत विचारलं.

माझ्या हाताखाली गुडघा दचकला. मग — "ओ गॉड… शरयू?"

"कोणी लावली?"

"डेव्हने."

"कोण डेव्ह?"

"माझा नवा थेरपिस्ट. साठ वर्षांचा आहे… मिशीवाला."

मिशी ऐकून जरा बरं वाटलं. पण जराच. "माझी ट्रीटमेंट आवडत नव्हती तर तसं सांगायचं ना! न सांगता निघून गेलास."

"आवडत नव्हती?" तो हसला. "शरयू, तुमच्या वेटिंग रूममध्ये तो बोर्ड आहे ना… स्टाफ आणि पेशंट, नो रिलेशनशिप? मी प्रत्येक वेळी तो वाचायचो, यार. मग म्हटलं, आपण पेशंटच नको राहायला. म्हणून क्लिनिक चेंज केलं."

पट्टीच्या आत माझे डोळे मोठ्ठे झाले. हात मात्र त्याच्या गुडघ्यावरच राहिला.

"मग… फोन का नाही केलास?"

"रोज करणार होतो. पण वाटायचं, तू फक्त तुझं काम करत होतीस तर? तू कधी माझ्याकडे बघितलंच नाहीस. यू ओन्ली लुक्ड ॲट माय नी!"

मला हसूही आलं आणि रडूही.

"आज ऑफिसच्या मित्राने मला हा किल्ट घातला आणि इथे ढकललं," तो घाईघाईने म्हणाला. "मला काय माहीत तू जज असशील! पण आता सांगूनच टाकतो. मी तुझ्या प्रेमात पडलोय, शरयू. खूप."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मैदान एकदम शांत झालंय. जजबाई बारकाईने काय तपासतायत ते सगळ्यांना ऐकू जावं म्हणून निवेदकाने माइक आमच्या मधोमध धरला होता! पण मी स्वतःला समजावलं, असू दे, इथे रुचाशिवाय मराठी कोणाला कळतंय?

"अगं, गप्प काय बसलीस?" मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला. "मुलगा चांगला वाटतोय! बोल की काहीतरी!"

मराठी मंडळाच्या वसुधाकाकू! त्यांची नात स्कॉटिश नाच शिकते, हे मी साफ विसरले होते.

"तिला जरा विचार तरी करू दे," काका म्हणाले. काकूंनी त्यांना गप्प केलं.

मी पाचवा गुडघा कसाबसा उरकला. तो कसा होता, देव जाणे.

"वेल, जज?" निवेदकाने विचारलं. "हू इज द विनर?"

"नंबर टू," मी म्हटलं. टाळ्या झाल्या. मी एक मोठा श्वास घेतला. "अँड नंबर फोर इज डिसक्वालिफाइड."

"ओह नो! व्हाय?"

मी पट्टी सोडली. समोर मिहीर होता. पावसात केस भिजलेले, कानांपर्यंत लाल झालेला, घाबराघुबरा. या वेळी मी मान खाली घातली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत राहिले, अगदी मनसोक्त.

"बिकॉज आय ॲम इन लव्ह विथ हिम," मी माइकमध्ये सांगितलं. "जजला हे अलाउड नसतं."

मग काय! शिट्ट्या, आरोळ्या, कोणीतरी तर बॅगपाइपच फुंकला. रुचा बाकावर चढून नाचत होती आणि वसुधाकाकू फोनवर कोणाला तरी सगळं सांगत होत्या. मिहीर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने नुसता हात पुढे केला. मी तो घट्ट धरला.

"आणि हे बघ," मी त्याच्या कानाशी म्हटलं, "यापुढेही गुडघा डेव्हलाच दाखवायचा हं."