भात्याची मूठ

धाकटीचं लग्न झालं ते वर्ष. चर्चच्या जुन्या ऑर्गनला हवा भरायला विजेचा पंखा लागायचा होता, पण धाकटीची आई अडून बसली. लेकीच्या लग्नात वारा घालील तर तिचा बापच, नाहीतर मी वाजवणार नाही, म्हणाली.

ऑर्गन तीच वाजवायची. लाकडी भिंतीमागे बसून भात्याचा दांडा तिचा नवरा हाणायचा. पेशाने तो सुतार. भात्यात हवा असली तर नळ्या बोलणार, नाहीतर मुक्या. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. तिने टाच फळीवर आपटली की तो आतून ठोका द्यायचा, आणि वारा सुरू.

सुताराला एक खोड होती. शेवटचा सूर लागला की आपलं काम संपलं असं समजून तो दांडा सोडायचा आणि कोट चढवायला लागायचा. इकडे बायको सूर धरून बसलेली. सूर बिचारा कण्हत कण्हत खाली बसायचा. नवख्यांना वाटे, चालच तशी आहे. पोरं गातानाही शेवट मुद्दाम रेकायची.

लग्नासाठी तिने एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर स्वतःचं वादन बसवलं होतं. आधी नुसती चाल, मग तीच डाव्या हातात, मग पायांखालच्या पट्ट्यांवर, आणि शेवटी सगळ्या नळ्या उघडून. बोटं आखडत चालली होती. पुन्हा इतकं वाजवणं होईल याचा भरवसा नव्हता.

सकाळी नवऱ्याच्या कॉलरचं बटण लावताना ती म्हणाली, "अहो, जन्मात एकदा तरी तो सूर सरळ संपू द्या."

"तू हात उचलल्याशिवाय सोडत नाही. मग तर झालं?"

दांडा फार करकरतो, तेल घालतो, म्हणून तो सगळ्यांच्या आधी निघून गेला.

धाकटी दारात आली. आईने टाच आपटली. ठोका आला नाही, वारा मात्र आला. कॉलर टोचत असेल म्हणून स्वारी रुसली, असं मनाशी म्हणत ती हसली आणि वाजवू लागली.

वारा असा कधी लागलाच नव्हता. एरवी दांडा वर जाताना सुरांना बारीक हिसका बसे. आज सगळं साठलेल्या पाण्यासारखं संथ. करकरही नाही. तेल चांगलं मुरलं, तिला वाटलं. बोटं आपोआप मोकळी झाली. समोरच्या छोट्या आरशात लेक दिसत होती, भिंतीकडे बघून हसणारी. किती वर्षांनी तिला इतकं भरून आलं होतं.

शेवटचा सूर लागला. तिने तो धरला.

लोक गालातल्या गालात हसत वाट पाहू लागले.

सूर बसला नाही.

हसू विरलं. सूर तसाच उभा. आपण हात उचललाच नाही तर हा असाच राहील, असं तिला वाटून गेलं.

तिने हात उचलला. सूर थांबला.

शाबासकी द्यायला ती भिंतीमागे गेली. सुतार स्टुलावर टेकून बसला होता. कॉलर नीट, चेहरा समाधानी, हात गारठलेले. नवऱ्यामुलाचा मामा डॉक्टर. त्याने तपासलं आणि हळूच सांगितलं, तास तरी होऊन गेलाय.

मांडीवरची तेलाची कुपी काठोकाठ भरलेली होती, बूचसुद्धा निघालं नव्हतं. भाता अजून वरपर्यंत फुगलेला होता. तिने दांड्याच्या मुठीवर हात ठेवला.

मूठ ऊबदार होती.

सुतार गेला तो धाकटीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी, पहिला सूर लागण्याआधी.