कांताबाईंचा नमुना

नरखेडकडून भावनाला नागपूरच्या इस्पितळात आणलं, तेव्हा पोटदुखीने ती तळमळत होती आणि हातापायांतली ताकद जात चालली होती. पोट उघडून पाहिलं तरी काही सापडलं नव्हतं. गावाने बाहेरची बाधा ठरवून तिला उपास धरायला लावले होते.

पॅथॉलॉजिस्ट डॉ. उन्नतीला खटकली ती खिडकीत राहून गेलेली लघवीची बाटली. उन्हात ती काळसर लाल झाली होती. रक्तातल्या रंगद्रव्याचा आजार, पॉर्फिरिया तर नव्हे? तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम मोजलं की उलगडा झाला असता. आजार घराण्यातून येतो, म्हणून तिने माहेरच्या नातलगांचंही रक्त मागवलं.

भावनाची आई पुष्पलता रक्त देऊन गेली. मागोमाग हिरव्या लुगड्यातली एक बाई खुर्चीत येऊन बसली. जेमतेम तिशीची. मनगटांवर दोरीचे वळ.

"नाव?"

"कांताबाई. भावनाची आजी."

असेल चुलत नात्यातली, उन्नतीला वाटलं.

"माहं बी तपास वं बाई. आन् पोरीले उपाशी नको ठेवू."

हात इतका गार, की रक्त घेणाऱ्या कुसुमताईंनी तो चोळून पाहिला. रक्त मात्र भरभर आलं.

भावनासकट तिघींचंही एन्झाइम नेहमीच्या निम्मंच निघालं. उन्नतीने आनंदाने टेबलावर थाप मारली. उपासाने हा आजार बळावतो, म्हणून ग्लुकोज सुरू झालं, आजार चाळवणारी औषधं बंद झाली. हळूहळू भावना उठून बसली, आणि एका सकाळी भिंतीला न धरता चालत गॅलरीत आली. "मले तर्री-पोहे पाह्यजे," म्हणाली. अख्खा वॉर्ड हसला.

उन्नतीने पुष्पलताला समजावलं, "ना बाधा, ना वेड. रक्तातला दोष आहे. तुमच्यातही आहे, कांताबाईंच्यातही."

पुष्पलता खुर्चीतून उठली.

"कांताबाई तं माही माय. मी पाळण्यात होती तवाच गेली. असंच पोट दुखे तिचं. भूत लागलं म्हणून बांधून ठेवलं होतं, उपाशी."

उन्नतीने रिपोर्टवरचं तिसरं नाव पुन्हा वाचलं.

"म्हणजे मॅडम, माही माय येडी नव्हती?"

"नव्हती."

पुष्पलताने डोळे पुसले. मान ताठ केली.

तेवढ्यात कुसुमताई दारात आल्या.

"मॅडम, बाहेरचं बाकडं भरलंय. साऱ्या भावनाच्याच घरच्या म्हणतात. दंड उघडे करून बसल्यात."

त्यांनी आवाज खाली आणला.

"एकीचं लुगडं ओलंचिंब आहे, विहिरीतून वर आल्यासारखं."