तारेच्या पलीकडे

विमानात मोबाइल फोन जोडायचं खूळ धाकट्याच्या डोक्यात त्याच्या बायकोनेच भरवलं होतं. चार आसनांचं ते जुनं विमान घेऊन तो औषधं आणि टपाल पोचवत असे, आणि एकदा उडाला की संध्याकाळपर्यंत त्याचा पत्ता नसे. "म्हणजे आता आभाळातसुद्धा नवऱ्याची सुटका नाही," ताई म्हणाली. पण काम तिनेच अंगावर घेतलं. विमानांचे रेडिओ दुरुस्त करण्यात तिची निम्मी हयात गेली होती आणि भावाच्या विमानाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला तिला खपत नसे.

काम तसं किरकोळ होतं. कॉकपिटमधला रेडिओ, माइक आणि दोन्ही हेडसेट एका ऑडिओ पॅनलमध्ये एकत्र येतात. त्याच्या मागून एक तार काढायची आणि तिच्या टोकाला मोबाइल जोडायचा; मग इंजिनाच्या गोंगाटातही फोनवरचं बोलणं हेडसेटमध्ये नीट कळतं. ताईने पाठीवर झोपून, पायांच्या पेडलांमध्ये डोकं खुपसून डाख दिले. मग आसनावर बसून तिने हेडसेट चढवला. धाकटा हँगरबाहेरच्या गवतात जाऊन उभा राहिला आणि त्याने फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली.

"काय बोलू? भूक लागलीय."

आवाज स्वच्छ होता. त्याच्यामागे मात्र काहीतरी आपटत होतं. ओल्या पोत्यावर दांडकं मारावं तसं, जड, सावकाश. समोरच्या काचेतून धाकटा दिसत होता. एकटाच. मधूनच तो खांदा झटकत होता, माशी बसल्यासारखा.

"तिथे कोण ठोकतंय?"

"कुठे? चिटपाखरू नाही इथे."

ताईने तार बदलली. जाळीचं वेष्टण असलेली नवी घातली, मग फोनही बदलला. रेडिओवर तो आवाज नव्हता. फोनवर होताच, आणि दर खेपेला थोडा जवळ आलेला.

जेवताना डबा उचलायला वाकलेला धाकटा कळवळला. ताईने त्याची कॉलर मागे ओढून पाहिली. पाठीवर जांभळे वळ उठले होते, बोटाएवढे जाड.

"पंखाची कड लागली असेल," तो म्हणाला.

"मी तार काढून टाकते."

"एकदा उडून तर बघू. ती घरी फोनकडे डोळे लावून बसलीय. मग काढ हवी तर."

त्याला एकट्याला सोडायला ताईचं मन घेईना. ती शेजारच्या आसनावर बसली.

दुपार निवांत होती. खाली नदी, शेतं, गावांची छपरं. फोन वाजला तसा धाकट्याचा चेहरा खुलला.

"ऐकू येतंय?" भावजयीने विचारलं. "अगं बाई, किती स्पष्ट. ताईपण आहेत का?"

"आहे गं," ताई म्हणाली.

"मग उतरलात की दोघेही इकडेच या. मी आत्ता—"

धप्प.

भावजय थांबली. "कोण आहे?" तिने विचारलं. ते या दोघांना नव्हतं; तिचा आवाज दूर गेला होता. ती मागे वळून विचारत होती.

दुसरा फटका बसला. या वेळी त्याच्यासोबत वाळली काटकी मोडावी तसा आवाज आला आणि ती किंचाळली.

"मारू नका. मारू नका हो, मी काय केलंय?"

धाकट्याने तिला हाक मारली. फटका बसला. त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा बसला. मारणारा जणू त्याच्या हाकेसाठीच थांबत होता.

"बोलू नकोस!" ताई ओरडली.

त्याला ऐकू गेलं नाही. तो नुसता तिला हाका मारत सुटला.

ताईने फोन बंद करायला बटण दाबलं. फोन बंद होईना.

तिने तार मुठीत धरली आणि पॅनलमधून उपटली.

आवाज थांबला. मारणं थांबलं की नाही, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

धाकट्याने विमान तिथूनच माघारी वळवलं. उतरायच्या घाईत ते धावपट्टीवर आपटून उसळलं.

घराच्या दाराला आतून कडी होती. शेजारच्या सुताराने पहार घालून दार फोडलं. स्वयंपाकघरात नळ चालू होता. भिंतीशी भावजय पडली होती. हात नको तिथे वाकलेला, डोळा सुजून मिटलेला, दातांचे तुकडे फरशीवर. रक्ताचे शिंतोडे पार छतापर्यंत उडाले होते. खिडक्यांचे गज जागच्या जागी होते. श्वास चालू होता, एवढंच.

पोलिसांनी नवऱ्यावर संशय घेतला. पण तो त्या वेळी कुठे होता, हे धावपट्टीवरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

भावजय वाचेल असं डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. धाकटा विमानातली उरलेली तार काढून जाळायला गेला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात ऊन आलं होतं, एक परिचारिका चादरी घेऊन गेली, मग कोणीच नव्हतं. ताईने त्याला फोन लावला.

"शुद्धीवर आली रे. तुला विचारतेय. लवकर ये."



"ताई," त्याने अगदी हळू विचारलं, "तुझ्यामागे कोण धापा टाकतंय?"

ताई भिंतीला पाठ टेकून उभी होती.