एका विहिरीचा ठिपका

"नाजियाताई, माझा ठिपका गेला!"

विशाखा प्रबंध छातीशी धरून दुकानात शिरली. लातूरच्या या छपाईच्या दुकानात लग्नपत्रिकेवरून झालेली रडारड नाजियाने पुष्कळ पाहिली होती. ठिपक्यासाठी कुणी पहिल्यांदाच रडत होतं.

विशाखाने एकोणीस विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजलं होतं. उमरीकडच्या एका वस्तीची विहीर सगळ्यांत वाईट निघाली. नेमका तिचाच ठिपका छापील आलेखात नव्हता. परीक्षक म्हणाले, मुद्दाम लपवला. चार वाजता समिती बसणार होती. तोवर पुरावा मिळाला नाही, तर पाच वर्षांचं काम रद्द. आत्ता तीन वाजले होते.

"लॅपटॉपवर असेल ना?"

"हाय की. पण ते म्हणतात, आत्ता घातला असशील."

"पेनड्राइव्ह इथं कुणी आणला?"

"हरिओमनं. आमच्याच प्रयोगशाळेतला. त्याला माझ्याआधी पदवी पाहिजे."

हरिओम गाडी लावून दारातच उभा होता. त्याने रागाने पेनड्राइव्ह टेबलावर टाकला. "बघा! म्या हात बी लावला न्हाई."

नाजियाने फाइल उघडली. ठिपका जागच्या जागी होता. विशाखाची मान खाली गेली.

नाजियाने कोपऱ्यात पानं जुळवत बसलेल्या अब्बांचं भिंग घेऊन छापील पानावर धरलं. उभा अक्ष आठपर्यंत, ठिपके मात्र सगळे तीनच्या खाली. मागच्या जाळीच्या रेघा अखंड, कुठे खाडाखोड नाही. ती अब्बांकडे वळली.

"अब्बा, मंगळवारी, प्रबंध छापायच्या दिवशी, मी औशाला पत्रिका द्यायला गेले. तेव्हा कॉम्प्युटरवर कोण होतं?"

"मीच." महेबूबमियांनी मान वर केली. "छपाईच्या प्लेटा काढायच्या व्हत्या."

"पानं तपासली?"

"हाव. चाळीस वरसं तपासून राहिलो. माझ्या प्लेटवर कचऱ्याचा एक ठिपका सुटत न्हाई."

"यात होता?"

"एक व्हता. लई वर, एकटाच. उडवला."

विशाखा मटकन स्टुलावर बसली. नाजियाने पान सर्वांसमोर धरलं.

"विशाखाने आकडाच गाळला असता, तर सॉफ्टवेअरने अक्ष तीनापाशीच थांबवला असता. तो आठपर्यंत गेलाय, म्हणजे आलेख काढताना ठिपका होता. पेनड्राइव्हवरही आहे, म्हणजे हरिओम निर्दोष. उरलं आपलं दुकान. आलेख फोटो असता, तर ठिपका खोडताना मागची रेघही तुटली असती. पण ही व्हेक्टर फाइल. हिच्यात प्रत्येक ठिपका सुटा असतो. निवडायचा, काढायचा, मागे डागही उरत नाही. आणि फोटो नको, व्हेक्टरच दे, असा हट्ट मीच धरला होता."

"मला कचरा वाटला, बेटा," महेबूबमिया पुटपुटले.

"दोनशे माणसं तेच पाणी पितात, चाचा," विशाखा म्हणाली.

नाजियाने हळूच सांगितलं, "अब्बा, समितीपुढं कबूल केलं तर कॉलेजचं काम जाईल."

कॉलेजच्या कामावरच दुकान चालत होतं, हे त्यांना तिच्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. दोनदा घातली, तरी नीट बसेना.

"हरिओम, गाडी काढ. चल पोरी. कुणाच्या हातानं उडवला, ते त्यांना बघू दे."

भिंग टेबलावरच राहिलं.